तिसऱ्या रॉडची कॅप

जीपच्या मूळ मॅन्युअलमध्ये मेन बेअरिंगचं, म्हणजे इंजिनाचा मुख्य शाफ्ट (क्रँक) ज्यात फिरतो त्याचं, क्लिअरन्स (शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट) ०.०००३ ते ०.००२९ इंच दिलंय आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं ०.०००१ ते ०.००१९ इंच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि हे म्हणतात रॉडला त्याचाही दहावा भाग चालेल. अडीच मायक्रॉन! कोल्हापुरात, ऐन एप्रिलमध्ये, पत्र्याच्या शेडखाली हे कोण मोजणार आणि कशाने? पण दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये मांडून बघितले तेव्हा जरा धीर आला. मेनला वरची मर्यादा ०.०७४ आणि रॉडला ०.०४८. खालच्या टोकाला जाऊन बसायची हौस कुणालाच नसते. मधली जागा धरायची म्हटलं तर शतांश मिलिमीटर नीट वाचता आला म्हणजे काम भागतं, आणि तेवढं घरी जमतं.

इंजिन विलीजचं हरिकेन, महिंद्राच्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपमधलं. चार सिलिंडर, सव्वातीन इंचाला थोडा कमी बोअर, लांबलचक स्ट्रोक, एकूण १३४ घन इंच, म्हणजे बावीसशे सीसीच्या आसपास. याचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. या रचनेमुळे इंजिनाची उंची वाढली. १९५३ साली अमेरिकेत सीजे-३बी आली तेव्हा इंजिन मावावं म्हणून बॉनेटच उंच केलं गेलं, आणि गाडीला तो नाकाड तोंडवळा मिळाला. क्रँक मात्र तीनच मेन बेअरिंगवर फिरतो: पुढचं, मधलं आणि मागचं.

आमची गाडी वडिलांच्या वेळची. गरम झाली की खालून ठकठक यायची आणि आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा झोपायचा. मॅन्युअल म्हणतं, ताशी ३५ मैलांना ३५ पीएसआय आणि आयडलिंगला किमान ६. आमचा काटा सहाच्याही खाली. तेल जाड घालून बघितलं, पंप उघडून बघितला. शेवटी इंजिन उतरवायचं ठरलं आणि मेस्त्रींना बोलावलं.

मेस्त्री साठी ओलांडलेले. आयुष्य जीप आणि ऑइल इंजिनांत गेलेलं. त्यांचा बेत सरळ होता: क्रँक ग्राइंड करून वीस थाऊ बारीक करायचा आणि बेअरिंगचे नवे शेल, म्हणजे पातळ अर्धगोल तुकडे, बसवायचे. "क्रँक काढायचा, उद्यमनगरात वीस थाऊ मारून आणायचा, नवं शेल घालायचं. मोजमाप ते ग्राइंडिंगवालं करत्यात की. तुम्ही कशाला डोकं घालताय सायेब?"

मी म्हटलं, "मेस्त्री, जोडणी तुम्ही सांगाल तशी. फक्त आवळायच्या आधी मला प्रत्येक बेअरिंग मोजू द्या."

"मोजा की. गाडी तुमची, टाइम तुमचा."

त्यांची स्वतःची पद्धत हाताची. शेल बसवायचे, तेलाचा हात फिरवायचा, एक कॅप (बेअरिंगचा बोल्टने बसणारा सुटा अर्धा भाग) आवळायची आणि क्रँक फिरवून बघायचा. मग दुसरी कॅप, पुन्हा फिरवायचा. कुठे जड लागलं की थांबायचं. या पद्धतीला नाव ठेवायचा मला अधिकार नाही. त्यांनी काम शिकलं तेव्हा कितीतरी इंजिनांत व्हाइट मेटल ओतलेली बेअरिंग असायची. जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला, निळा रंग लावायचा, क्रँक ठेवून फिरवायचा, रंग उठला तेवढा भाग स्क्रॅपरने घासायचा, आणि सगळीकडे सारखा रंग उठेपर्यंत हेच चालायचं. त्या कामात हातच गेज असतो. पण आजच्या पातळ शेलवर स्क्रॅपर चालवायचा नसतो. शेलच्या वरच्या मऊ थराची जाडी जेमतेम दोन शतांश मिलिमीटर असते, दोन वेळा घासलं की थर गेला. शिवाय हाताला घट्ट लगेच कळतं, सैल कळत नाही. तीन शतांश आणि आठ शतांश, दोन्ही क्लिअरन्सना क्रँक सारखाच गुळगुळीत फिरतो.

आणि सैलपणाच खरा महागात पडतो. बेअरिंगमधून बाजूने निसटणारं तेल क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. क्लिअरन्स दुप्पट झालं, तर बाकी सगळं तेच असताना गळती आठपट. पंप तोच, तेल तेच, मग प्रेशर राहणार कुठून? आमचा काटा झोपत होता त्याचं गणित एवढंच होतं.

बेअरिंगमध्ये तेल नुसतं बुळबुळीतपणा आणत नाही, ते शाफ्टला उचलून धरतं, हे माणसाला कळायलाही वेळ लागला. इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर नावाचा इंजिनिअर १८८० च्या दशकात रेल्वेच्या आसांची बेअरिंग तपासत होता. त्याने बेअरिंगच्या डोक्यावर तेल घालायला भोक पाडलं, तर शाफ्ट फिरताना तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर यायला लागलं. भोकात बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी मारली, तीही सरकत बाहेर आली. शेवटी प्रेशर गेज लावलं तेव्हा लक्षात आलं, की आतल्या तेलाच्या पडद्याचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्याही कितीतरी वर आहे. १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्सने त्याचं गणित मांडलं. फिरणारा शाफ्ट तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तिथे दाब तयार होतो. ती फट म्हणजेच आपलं क्लिअरन्स. फार कमी ठेवली तर तेल पुरेसं वाहत नाही आणि बेअरिंग तापतं, फार जास्त ठेवली तर पडदा टिकत नाही. जुन्या लोकांचा अंदाज असतो, जर्नलच्या दर इंच व्यासाला साधारण एक थाऊ. आमचं मेन जर्नल सव्वादोन इंचांच्या वर, म्हणजे दोन थाऊंच्या आसपास. मॅन्युअलच्या चौकटीत हे चोख बसतं.

हत्यारांचं म्हणाल तर मेन जर्नल मुळात ५९.२६ ते ५९.२९ मिलिमीटरचं आणि रॉडची पिन, म्हणजे क्रँकवरचं रॉड बसायचं जर्नल, ४९.२१ ते ४९.२३ ची. म्हणजे मायक्रोमीटर दोन लागतात, एक २५ ते ५० चा आणि एक ५० ते ७५ चा. ते विकत घेतले. भोकाचा आतला व्यास मोजणारा बोअर गेज मात्र महाग, एका इंजिनासाठी घेणं परवडत नाही. शिरोली एमआयडीसीत क्वालिटीमध्ये काम करणाऱ्या मित्राकडून उसना आणला, ३५ ते ६० च्या रेंजचा. मेन आणि रॉड दोन्ही त्याच रेंजमध्ये कसेबसे बसले हे आमचं नशीब. मित्राने देताना बजावलं, "पाडलास तर नवा घ्यायचा."

मायक्रोमीटर हातात घेतला म्हणजे लगेच मोजता येतं असं नाही. आधी सोबत आलेल्या सेटिंग रॉडवर शून्य बघायचं. मग एकाच जर्नलवर एकाच जागी पुन्हा पुन्हा माप घ्यायचं, आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत. थिंबल बोटांनी पिळायचं नाही, मागच्या रॅचेटनेच फिरवायचं. नाहीतर प्रत्येकाच्या मनगटाप्रमाणे एकेक शतांश इकडेतिकडे होतो. मेस्त्रींनी एकदा सहज हातात घेऊन मोजलं तर माझ्यापेक्षा दोन शतांश कमी आलं. मनगट दणकट.

तापमानाचा प्रश्न मी उगाच फार मनावर घेतला होता. मापांचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश, आणि आमच्या शेडमध्ये दुपारी सदतीस-अडतीस. पण ६० मिलिमीटरचं पोलाद दहा अंशांनी तापलं तर सात मायक्रॉनने वाढतं, आणि पोलादी क्रँक व बिडाचा ब्लॉक जवळपास सारखेच वाढतात. सगळं एकाच तापमानाला असलं, की दोन्हींतला फरक तसाच राहतो. घोळ होतो तो एक वस्तू उन्हात आणि दुसरी सावलीत असली तर, किंवा मायक्रोमीटर बराच वेळ मुठीत धरला तर. म्हणून सगळे सुटे भाग रात्रभर शेडमध्येच एकत्र ठेवायचे आणि मापं पहाटे, पत्रा तापायच्या आत घ्यायची असं ठरवलं. मायक्रोमीटर फडक्यात धरायचा. घरच्यांना वाटलं मी व्यायाम सुरू केलाय.

आधी जुना क्रँक मोजला. प्रत्येक जर्नल पुढे आणि मागे, आणि प्रत्येक जागी दोन दिशांना, एकमेकींशी काटकोनात. पुढे-मागे फरक आला तर टेपर, दोन दिशांत फरक आला तर ओव्हल. मॅन्युअल दोन्हीला एक थाऊपर्यंत माफी देतं, म्हणजे अडीच शतांश. आमचा क्रँक पूर्वी एकदा दहा थाऊ मारलेला होता हे मापांवरून दिसतच होतं. मेन तिन्ही बऱ्यापैकी गोल निघाले. पिनांपैकी पहिली, दुसरी आणि चौथी ४८.९४ ते ४८.९५ च्या दरम्यान. तिसरी एका दिशेला ४८.९५ आणि दुसऱ्या दिशेला ४८.९१. चार शतांश ओव्हल. ठकठकीचं घर सापडलं. ही नोंद वहीत लिहून ठेवली, आणि पुढे तीच कामाला आली.

ग्राइंडिंगला देताना तोंडी "वीस मारा" एवढंच न सांगता चिठ्ठी लिहून दिली: मेन ५८.७५३ ते ५८.७७८, पिन ४८.७०५ ते ४८.७२५, कोपऱ्यांची गोलाई मुळासारखी. उद्यमनगरातल्या त्या मशीनवरच्या पोराने चिठ्ठी वाचली, मशीनला चिकटवली आणि म्हणाला, "अशी चिठ्ठी आणली की बरं पडतं बघा, नंतर वाद नाही." क्रँक परत आला तो देखणा. मेन ५८.७६ ते ५८.७६५, पिना ४८.७१ ते ४८.७१५, ओव्हल-टेपर माझ्या मायक्रोमीटरला दिसणार नाही इतका. हे काम कोल्हापुरात फार चांगलं होतं, आणि ते गावाबाहेर जितकं माहीत असायला हवं तितकं नाही.

ग्राइंडिंगनंतर दोन गोष्टी मापाआधी बघाव्या लागतात. जर्नलच्या कडेची गोलाई जास्त ठेवली गेली असेल तर शेलची कड तिच्यावर चढते, आणि मग क्लिअरन्स कितीही बरोबर असलं तरी क्रँक जड फिरतो. दुसरी गोष्ट तेलाच्या भोकांतली घाण. ग्राइंडिंगची पूड क्रँकच्या आतल्या तेलवाटेत बसते, वरून पुसून ती जात नाही. रॉकेल, बाटल्या धुवायचा बारीक ब्रश आणि हवेचा फवारा, हे सगळं पुन्हा पुन्हा केलं, पांढऱ्या कापडावर काळं यायचं थांबेपर्यंत. नव्या शेलवर ती पूड गेली तर पहिल्या मिनिटातच ओरखडे.

आता मुख्य मोजणी. इथे मित्राने एक युक्ती शिकवली आणि तिच्यामुळे अर्धी काळजी मिटली. मी आधी जर्नलचा व्यास वेगळा मोजणार, शेलसकट बोअर वेगळा मोजणार आणि वजाबाकी करणार होतो. तो म्हणाला, वजाबाकी करूच नकोस. मायक्रोमीटर जर्नलवर लावायचा, माप आलं की लॉक करायचा, तसाच मऊ जबड्याच्या व्हाइसमध्ये धरायचा आणि बोअर गेज त्या मायक्रोमीटरच्या तोंडात घालून डायल शून्यावर आणायची. मग तोच गेज शेल बसवून, कॅप पूर्ण टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) आवळून तयार झालेल्या बोअरमध्ये घालायचा. काटा शून्यापासून जितका सरकेल तितकं क्लिअरन्स. मायक्रोमीटर मुळात दोन शतांश खोटं बोलत असला तरी फरक पडत नाही, कारण तो खोटेपणा दोन्हीकडे सारखाच धरला जातो. शिवाय इंचाचं मॅन्युअल आणि मिलिमीटरची हत्यारं हा घोळही एका आकड्यापुरताच उरतो.

बोअर गेज आत घातला की तो पुढे-मागे हलकेच झुलवायचा. काटा एका जागी जाऊन मागे वळतो, ती वळायची जागा म्हणजे माप. माप उभ्या दिशेने घ्यायचं, म्हणजे कॅपच्या सांध्याशी काटकोनात. शेलची जाडी मुद्दामच सगळीकडे सारखी ठेवलेली नसते, मध्ये जाड आणि सांध्याकडे पातळ असते. सांध्याजवळ मोजलं तर क्लिअरन्स उगाच जास्त दिसतं. शेलची पाठ आणि ती बसते ती जागा कोरडी ठणठणीत हवी, तिथे तेल नको, आणि बोटाला चिकटलेला एखादा धागाही नको.

मेन कॅपचा टॉर्क ६५ ते ७५ फूट-पाउंड, म्हणजे ८८ ते १०२ न्यूटन-मीटर. मी ९५ धरला. पुढचं बेअरिंग ०.०४५, मधलं ०.०५०, मागचं ०.०५०. थाऊत बोलायचं तर पावणेदोन ते दोन. मेस्त्रींना आकडे सांगितले तेव्हा ते "हां, बरोबर हाय" म्हणाले. आपण काही विशेष ऐकलं असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

रॉड बाकावरच मोजले, ५५ न्यूटन-मीटरला आवळून. पहिला ०.०३०. दुसरा ०.०३५. तिसऱ्याला काटा शून्य ओलांडून उलट्या बाजूला गेला. पुन्हा घातला, पुन्हा तेच. पिनेपेक्षा बोअर एका शतांशाने लहान! हा आवळला असता तर क्रँक जागचा हलला नसता. चौथा मोजला, ०.०३०.

पहिला संशय शेलवर गेला. दुसऱ्या रॉडचे शेल तिसऱ्यात आणि तिसऱ्याचे दुसऱ्यात घालून बघितले. दुसरा रॉड ०.०३५ वरच राहिला, तिसरा पुन्हा उणे. दोष शेलचा नाही, रॉडचा. मग शेल काढून, नुसत्या कॅप आवळून चारही रॉडचे रिकामे बोअर एकमेकांशी ताडून बघितले. तीन रॉड एका शतांशाच्या आत सारखे. तिसरा आडव्या दिशेला त्यांच्याइतकाच, पण उभ्या दिशेला साडेचार शतांशाने लहान. गोल नाहीच, चपटलेला. कॅप सोडून तिचा सांध्याचा पृष्ठभाग उजेडात तिरका धरला तर कानशीचे घाव स्पष्ट दिसत होते, आडवे, एकामागून एक. बाकी तीन कॅप मूळच्या मशीनिंगच्या.

वहीतली जुनी नोंद काढली आणि गोष्ट उलगडली. तिसरी पिन चार शतांश झिजली होती. केव्हातरी कुणीतरी ठकठक बंद करायला क्रँक न काढता खालून ऑइल पॅन उघडून तिसऱ्या रॉडची कॅप घासली, पिनेची झीज कॅपमध्ये मुरवली आणि गाडी गप्प केली. काही दिवस बरी चालली असेल. आता पिन पुन्हा गोल झाली आणि घासलेली कॅप उघडी पडली. ते काम कुणाचं हे शोधायच्या फंदात मी पडलो नाही. वडिलांच्या काळात गाडी ज्या ज्या ठिकाणी गेली त्या सगळ्यांची नावं आता कुणाला आठवणार?

मेस्त्रींनी कॅप हातात घेतली, अंगठा फिरवला आणि हसले. "कानस मारलीया. आमच्या टायमाला सगळीच मारायची." मग उपाय सांगितला: "सांध्यात दोन्हीकडं पाच-पाच शतांशाची शिम टाका. उभं माप बरोबर येतंय का नाही बघा."

आणि ते येणारच होतं. व्हाइट मेटलच्या जमान्यात ही शिमची, म्हणजे सांध्यात पातळ पत्री घालायची, रीत कंपन्यांचीच होती, बेअरिंग झिजलं की शिम कमी करायची. पण शेलच्या बेअरिंगमध्ये एक गोष्ट वेगळी असते. शेलचा प्रत्येक अर्धा भाग त्याच्या जागेपेक्षा किंचित जास्त लांब असतो, बसवल्यावर दोन्ही टोकं सांध्याच्या वर जराशी डोकावतात. कॅप आवळली की ती दाबली जातात आणि शेल आपल्या जागेत गच्च रुतून बसतो. याला क्रश म्हणतात. शेलला धरून ठेवतो तो हा क्रश. कडेची छोटी जीभ फक्त बसवताना जागा दाखवायला असते. सांध्यात शिम टाकली की क्रश गेला. मग शेल सैल पडतो, पिनेबरोबर फिरायला बघतो, आणि फिरला की तेलाचं भोक बंद. हे मी मेस्त्रींना शेल हातात देऊन, कॅपमध्ये बसवून दाखवलं. टोकं वर आलेली त्यांनी नखाने चाचपली, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग रॉड नवा बघा, न्हाईतर साइझ करून घ्या."

बाजारात जुना रॉड मिळाला असता, पण त्याची कॅप कुणी घासली नसेल कशावरून? रिसाइझिंगला दिला. त्यात कॅपचा आणि रॉडचा सांधा थोडासा ग्राइंड करून सपाट करतात, कॅप आवळतात आणि बोअर होन करून पुन्हा मूळ मापाला गोल आणतात. रॉडची लांबी त्यात काही शतांशांनी कमी होते, एवढ्या जुन्या आणि बेताच्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ती कळतही नाही. सोबत बाकीचे तीन रॉडही तपासायला दिले, ते तसेच परत आले. घरी पुन्हा मोजला: उभा ०.०३५, आणि सांध्यापासून थोडं सरकून दोन्हीकडे घेतलेली मापं त्याहून किंचित जास्त, शेलच्या घडणीप्रमाणे असायला हवीत तशी.

दुसरा साक्षीदार म्हणून प्लास्टिगेज मागवला होता. मेणचट प्लॅस्टिकचा हिरवा दोरा, शेवईपेक्षाही बारीक. हिरवा रंग एक ते तीन थाऊंसाठी, त्याहून मोठ्या फटींना लाल आणि निळा. पुसून कोरड्या केलेल्या जर्नलवर लांबीच्या दिशेने एक तुकडा ठेवायचा, तेलाच्या भोकावर नाही. कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, पुन्हा सोडायची आणि दोरा चेपून किती रुंद झाला ते पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायचं. मधे क्रँक एक इंचही फिरवायचा नाही, नाहीतर दोरा फासला जातो आणि माप वाया. मधल्या मेनला पट्टीवर दोन थाऊंची रेघ जुळली. बोअर गेजने ०.०५० दाखवलं होतं, म्हणजे तेच. चारही रॉडला दीड थाऊच्या रेघेच्या जवळपास.

एकच इंजिन करायचं असेल आणि बोअर गेज उसना मिळत नसेल, तर प्लास्टिगेजवर भागेल असं माझं मत आहे. पण तिसऱ्या रॉडच्या बाबतीत त्याने फक्त "फार घट्ट" एवढंच सांगितलं असतं. बोअर चपटा आहे आणि तो कॅपच्या बाजूने चपटा आहे, हे दोऱ्याच्या डागावरून कधीच कळलं नसतं. तेव्हा किमान रिकामे बोअर तरी कुणाकडून तपासून घ्यावेत. जुन्या गाडीत आधी कुणी काय करून ठेवलंय हे मोजल्याशिवाय समजत नाही.

मेस्त्रींनी प्लास्टिगेज बघून शिशाच्या तारेची आठवण काढली. ऑइल इंजिनांत बंपिंग, म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट, बघायला ते पिस्टनवर शिशाची तार ठेवून इंजिन हाताने एक फेरी फिरवतात आणि चेपलेली तार मोजतात. "तेच की हे," म्हणाले. तत्त्व तेच, खरं आहे. फक्त शेलच्या मऊ थरावर शिसं दाबायला मी धजलो नसतो.

क्रँकचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, ४ ते ६ थाऊ हवी. ती पुढच्या थ्रस्ट वॉशरमागच्या शिमनी जमवतात. मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावून, पुढचा नट पूर्ण आवळून क्रँक पहारीने हलकेच ढकलला तर ०.२० आली. दोन थाऊची एक शिम काढली, ०.१५ वर आली. तिथेच थांबलो.

शेवटची जोडणी मेस्त्रींच्या पद्धतीने केली. शेलला आणि जर्नलला भरपूर तेल, कॅप टप्प्याटप्प्याने आवळायच्या, आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवायचा. आकडे वहीत असतानाही हे करायचं, कारण कॅप उलटी बसली किंवा शेलमागे कचरा अडकला तर तो या टप्प्यावर हातालाच कळतो. रॉड आणि कॅपवरचे क्रमांक एकाच बाजूला आहेत का हे दोघांनी वेगवेगळं तपासलं. तिसऱ्या रॉडला त्यांनी क्रँक जरा जास्तच वेळ फिरवला.

इंजिन गाडीत बसल्यावर ऑइल पंप तेलाने भरून घेतला, प्लग काढून स्टार्टरवर थांबत थांबत फिरवलं, गेजचा काटा उठेपर्यंत. मग प्लग लावून सुरू केलं. २०डब्ल्यू-४० तेल, गार इंजिनाला काटा चाळिसाच्या वर. राधानगरीच्या रस्त्यावर चांगलं तापवून आणल्यावर चालत्या गाडीला पस्तीस आणि आयडलिंगला पंधरा. पहिलं तेल लवकर बदललं आणि काढलेलं तेल पांढऱ्या ताटात पसरून चुंबक फिरवला. रिंगांची थोडी काळी पूड आली, शेलची तांबूस-चंदेरी चमक कुठे दिसली नाही.

मागच्या मेनच्या दोरीच्या सीलमधून रात्रभरात दोन-तीन थेंब अजून पडतात. त्याचा बेअरिंगच्या मापांशी संबंध नाही. मेस्त्री म्हणतात, जीप थेंब टाकायची बंद झाली की आतलं तेल संपलं समजायचं. खाली पत्र्याचं झाकण ठेवलंय.